फॅक्सवर ‘ओके’ आलं, पण कोणाकडून? दूरचं फॅक्स मशीन इंटरनेटवरून ऑफिसच्या फोनला जोडताना

फॅक्स मशीन तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? विशी-पंचविशीत असाल तर कदाचित कधीच नाही. किंवा एखाद्या ऑफिसात प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवलेलं पाहिलं असेल. आपल्याकडे कागदाचा फोटो काढला, व्हॉट्सॲपवर टाकला, विषय संपला. पण अमेरिकेतले दवाखाने, लॅब आणि औषधांची दुकानं आजही रोज फॅक्स पाठवतात. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला जानेवारी २०१९ पासून नवीन फॅक्स मशीन विकत घ्यायलाच बंदी करावी लागली, तेव्हा कुठे ती कमी व्हायला लागली.

मी पुण्यात ज्या टीममध्ये काम करतो, ती अमेरिकेतल्या एका छोट्या क्लिनिकच्या साखळीची फोनव्यवस्था सांभाळते. मुख्य ऑफिस एका शहरात, नवीन शाखा तिथून तासाभराच्या अंतरावर. शाखेत एक डॉक्टर, दोन नर्स आणि एक फॅक्स मशीन. मागणी साधी होती: मशीनसाठी वेगळी टेलिफोन लाइन घ्यायची नाही, मुख्य ऑफिसच्या फोनव्यवस्थेलाच ते इंटरनेटवरून जोडायचं. कारणही रास्त आहे. तांब्याच्या तारेवरची जुनी लाइन तिकडे महाग होत चालली आहे आणि कंपन्या ती हळूहळू बंदच करतायत.

ऐकायला हे दहा मिनिटांचं काम वाटतं. फोन इंटरनेटवरून चालतो, फॅक्स फोनच्या लाइनवरून चालतो, मग फॅक्स इंटरनेटवरून चालायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती समजली की तुमच्या व्हॉट्सॲप कॉलच्या आत काय चालतं हेही समजतं.

आधी, ऑफिसची फोनव्यवस्था म्हणजे काय

हॉटेलमध्ये रूमच्या फोनवरून ९ दाबला की रिसेप्शन लागतं, तसंच ऑफिसात प्रत्येक टेबलाला एक आतला नंबर असतो. त्याला एक्स्टेंशन म्हणतात, आणि हे सगळं जोडणाऱ्या छोट्या एक्स्चेंजला पीबीएक्स. पूर्वी पीबीएक्स म्हणजे भिंतीवरचा तारांनी भरलेला डबा असायचा. आता तो बहुतेक वेळा सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर असतो. ॲस्टरिस्क हे त्यातलं सगळ्यात माहितीचं, फुकट आणि ओपन सोर्स. फोन त्याच्याशी इंटरनेटवरून बोलतात, यालाच व्हीओआयपी म्हणायचं. कॉल लावणं, उचलणं, तोडणं यासाठी जी भाषा वापरतात तिचं नाव सिप. पीबीएक्सपासून बाहेरच्या जगात जाणारी वाट, म्हणजे टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून दिलेली लाइन, ती सिप ट्रंक.

दोन मशीन एकमेकांशी काय बोलतात

फॅक्स टेलिफोनपेक्षा जुना आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनने १८४३ मध्ये तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. पण आज आपण ज्याला फॅक्स म्हणतो त्याचे नियम १९८० मध्ये ठरले, आणि ते अजून तेच आहेत. म्हणूनच तुमच्या जन्माआधी बनलेलं मशीन आणि गेल्या वर्षी बनलेलं मशीन एकमेकांना बिनदिक्कत फॅक्स करतात.

कॉल लागल्यावर पाठवणारं मशीन ११०० हर्ट्झचा ‘टूं... टूं...’ असा आवाज काढतं. अर्धा सेकंद आवाज, तीन सेकंद शांतता. पलीकडचं मशीन फोन ‘उचलतं’ आणि २१०० हर्ट्झचा लांब सूर लावतं. मग दोघांचा संवाद सुरू होतो, तो साधारण असा:

“मी फॅक्स आहे. मला १४,४०० पर्यंतचा वेग जमतो, बारीक अक्षर जमतं, चुकलेलं परत मागून घेता येतं.”

“बरं, मग १४,४०० नेच करू. हा घे दीड सेकंदाचा नमुना, नीट ऐकू येतोय का बघ.”

“नाही जमलं.”

“मग ९,६०० ने घे.”

“हां, आता ठीक. पाठव.”

मग पान जातं. ते संपल्यावर पाठवणारा सांगतो, “संपलं,” आणि घेणारा म्हणतो, “मिळालं.” ते ‘मिळालं’ आल्याशिवाय पाठवणारं मशीन ‘ओके’ छापत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट यावरच येणार आहे.

हा सगळा संवाद आवाजात होतो. साधं पान म्हणजे आडवे १,७२८ ठिपके आणि उभ्या साधारण ११४३ ओळी, म्हणजे जवळपास २० लाख काळे-पांढरे ठिपके. ते दाबून लहान करायचे, त्याची शिट्टी वाजवायची, आणि पलीकडे शिट्टी ऐकून परत ठिपके करायचे. एका पानाला साधारण अर्धं ते एक मिनिट लागतं.

इंटरनेट कॉल कानाला फसवतो, फॅक्सला नाही

आता व्हीओआयपीत आवाजाचं काय होतं ते बघू. फोन तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि २० मिलिसेकंदांचे तुकडे करून एकेका पॅकेटमध्ये घालतो. सेकंदाला ५० पॅकेट. प्रत्येक पॅकेट इंटरनेटवरून आपापल्या सवडीने जातं. काही उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत.

एखादं पॅकेट हरवलं तर फोन काय करतो? आधीच्या पॅकेटमधला आवाज थोडा ओढून तिथे चिकटवतो. तुम्हाला कळतही नाही. तुम्ही गप्प बसलात तर डेटा वाचवायला पॅकेट पाठवणंच थांबवतो आणि पलीकडे खोटी खरखर वाजवतो, म्हणजे समोरच्याला ‘लाइन कटली’ असं वाटू नये. नेट हळू असेल तर आवाज आणखी दाबतो. जी.७२९ नावाची एक पद्धत ६४ केबीपीएसचा आवाज ८ केबीपीएसमध्ये बसवते, कारण ती माणसाच्या घशातून कसे आवाज निघतात याचं गणित वापरते. माणसाचं बोलणं तिला चांगलं जमतं. फॅक्सची शिट्टी माणसाच्या घशातून निघत नाही, त्यामुळे पलीकडे जे बाहेर पडतं ते मशीनला ओळखूच येत नाही.

हे सगळे जुगाड खरोखर हुशारीचे आहेत. चालत्या लोकलमधून तुम्ही आईशी बोलू शकता ते यांच्याच जिवावर. पण ते सगळे एकाच गोष्टीवर उभे आहेत: ऐकणारा माणूस आहे आणि गाळलेल्या जागा तो मनाने भरून घेईल. फॅक्स मशीन मनाने काहीच भरत नाही.

आकडे मांडून बघा. १४,४०० च्या वेगाने २० मिलिसेकंदांत २८८ बिट जातात. एक पॅकेट हरवलं म्हणजे पानाचे २८८ बिट गेले आणि त्यांच्या जागी फोनने स्वतःच्या मनाचं काहीतरी भरलं. शंभरात एक पॅकेट हरवणं बोलण्यासाठी काहीच नाही. पण एक मिनिटाच्या पानाची पॅकेट होतात ३,०००, म्हणजे त्या एका पानात ३० ठिकाणी भोकं.

आणि एक गंमत अशी की एकही पॅकेट हरवलं नाही तरी मोठा फॅक्स अडकू शकतो. दोन्ही टोकांच्या डब्यांत आपापलं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखात ५० चा फरक धरा. सेकंदाला ८,००० मोजमापांत तो होतो ०.४. एका पॅकेटमध्ये १६० मोजमापं असतात, म्हणजे ४०० सेकंदांनी, पावणेसात मिनिटांच्या आतच, एक अख्खं पॅकेट जास्त होतं किंवा कमी पडतं. ‘एक पान नेहमी जातं, बारा पानांची फाइल नेहमी नवव्या-दहाव्या पानाला तुटते’ ही तक्रार आली की आधी इथे बघायचं. लोक बिचाऱ्या मशीनला शिव्या देतात.

दोन मार्ग

पहिला मार्ग: आवाज आवाजच राहू द्यायचा, पण त्यावरचे सगळे जुगाड बंद करायचे. न दाबलेला जी.७११ आवाज वापरायचा, गप्प बसल्यावर पॅकेट थांबवणं बंद, प्रतिध्वनी काढणं बंद, पॅकेट साठवण्याची जागा ठरावीक लांबीची. एकाच ऑफिसात, चांगल्या वायरवर हे बऱ्यापैकी चालतं. दूरच्या शाखेत, जिथे त्याच इंटरनेटवर कोणीतरी व्हिडिओ बघतंय, तिथे याच्यावर विसंबू नका.

दुसरा मार्ग टी.३८. हा १९९८ मध्ये आलेला नियम आहे आणि त्यामागची कल्पना मला फार आवडते: शिट्टी इंटरनेटवरून पाठवायचीच नाही. फॅक्स मशीनशेजारी एक डबा ठेवायचा. तो मशीनची शिट्टी ऐकतो, तिचा अर्थ काढतो आणि फक्त अर्थ पॅकेटमध्ये घालून पाठवतो. पलीकडचा डबा तो अर्थ वाचून परत शिट्टी वाजवतो. गाणं रेकॉर्ड करून पाठवण्याऐवजी स्वरलिपी लिहून पाठवावी, तसं.

याचे दोन मोठे फायदे. एक, प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या एक-दोन पॅकेटमधला मजकूरही पुन्हा घालता येतो, त्यामुळे मधलं एखादं हरवलं तरी पुढच्यातून भरून निघतं. दोन, मजकूर मोजमापांचा नसून बिटांचा असल्यामुळे घड्याळाची ती भानगड मिटते. शिवाय डेटाही कमी लागतो. जी.७११ ला सगळी वेष्टनं धरून ८० केबीपीएस जातात; इथे मूळ मजकूरच १४.४ चा.

मग अडचण कुठे? टी.३८ वाटेतल्या प्रत्येकाला यावं लागतं. शाखेतला डबा, पीबीएक्स आणि ट्रंक देणारी कंपनी, तिघांनाही. कॉल आधी साध्या आवाजाचाच सुरू होतो. फॅक्सचा सूर ओळखला की सहसा घेणाऱ्या बाजूचा डबा मध्येच निरोप पाठवतो, ‘चल, आता टी.३८ वर जाऊ.’ वाटेतल्या एकाने जरी ४८८ म्हणजे ‘मला हे चालणार नाही’ असं उत्तर दिलं तर गाडी परत पहिल्या मार्गावर येते. ट्रंकवाल्यांच्या वेबसाइटवर ‘टी.३८ आहे’ असं ठळक लिहिलेलं असतं, पण ते पुढे कॉल दोन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यातून नेतात. आमच्या ट्रंकवर एका वाटेला टी.३८ चालायचं, दुसऱ्या वाटेला नाही. कॉल कोणत्या वाटेने जाईल हे त्यांच्या सर्व्हरच्या मर्जीवर. सकाळी गेलेला नंबर दुपारी लागत नाही, मशीन तेच, कागद तोच! शेवटी कंपनीला लेखी कळवून फॅक्सच्या नंबरांसाठी ठरलेलीच वाट मागून घेतली.

ॲस्टरिस्कमध्ये याला एक उतारा आहे. शाखेच्या बाजूला टी.३८ आणि ट्रंकच्या बाजूला साधा जी.७११ असेल तर मध्ये दुभाष्याचं काम तो स्वतः करू शकतो. डेटा सेंटर ते ट्रंक हा टप्पा सहसा स्वच्छ असतो, खड्डे असतात ते शाखेच्या इंटरनेटवर. त्यामुळे निदान खड्ड्यांचा टप्पा तरी टी.३८ वर निभावून जातो.

प्रत्यक्ष जोडणी

शाखेत लागतो तो डबा म्हणजे एटीए. तळहातावर मावणारा, एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला टेलिफोनची. विकत घेताना दोन गोष्टी बघा. टी.३८ लिहिलेलं आहे ना, आणि टेलिफोनचं पोर्ट एफएक्सएस आहे ना. एफएक्सएस पोर्ट मशीनला लाइन देतं. एफएक्सओ नावाचं दुसरं पोर्ट बाहेरची लाइन घेतं. खाचा दिसायला अगदी सारख्या, त्यामुळे वायर चुकीच्या पोर्टात गेली तर मशीनला डायल टोनच येत नाही.

पीबीएक्सवर मशीनसाठी एक एक्स्टेंशन करायचं आणि त्याला फक्त जी.७११ द्यायचा. अमेरिकेत आणि जपानमध्ये त्याचा म्यू-लॉ प्रकार, आपल्याकडे आणि युरोपात ए-लॉ. कॉल वेटिंग बंद करायला विसरू नका. फॅक्स चालू असताना दुसरा कॉल आला आणि लाइनवर ‘बीप’ वाजला तर तो बीप थेट पानात घुसतो. व्हॉइसमेलही बंद.

येणाऱ्या फॅक्ससाठी वेगळा नंबर घ्या आणि तो सरळ या एक्स्टेंशनवर सोडा. मध्ये ‘अपॉइंटमेंटसाठी १ दाबा’ म्हणणारी बाई नको. पाठवणारं मशीन १ दाबणार नाही.

शाखेच्या राउटरमध्ये सिप एएलजी नावाचा एक पर्याय असतो. तो मदतीसाठी बनवलाय म्हणे. बंद करा. तो पॅकेटमधले पत्ते आपल्या मनाने बदलतो आणि मग टी.३८ वर जाण्याचा निरोप भलतीकडे जातो. एटीएने दर २०-३० सेकंदांनी पीबीएक्सला एक छोटं पॅकेट पाठवत राहावं, म्हणजे राउटर ‘इथे कोणी बोलत नाही’ समजून वाट बंद करणार नाही. हे नसेल तर जाणारे फॅक्स जातात आणि येणारे येत नाहीत.

आणि व्हीपीएन. टी.३८ ची पॅकेट बहुतेक उपकरणांवर उघडीच जातात, वाटेत कोणीही वाचू शकेल अशी. रुग्णांचे कागद असताना हे चालणार नाही. शाखा आणि मुख्य ऑफिस यांच्यात व्हीपीएन टाकली की राउटरच्या वरच्या कटकटीही बऱ्याच कमी होतात.

फॅक्स मशीनच्या स्वतःच्या मेन्यूत सुपर जी-३ किंवा व्ही.३४ असं काही दिसलं तर ते बंद करा. हा ३३,६०० चा वेग, टी.३८ च्या जुन्या आवृत्त्यांना तो येत नाही. कमाल वेग १४,४०० ठेवा, आणि तरी रडगाणं असेल तर ९,६००. पान काही सेकंद उशिरा जाईल.

दशांशचिन्ह कुठे गेलं?

मशीनमध्ये आणखी एक स्विच असतो: ईसीएम, म्हणजे चुकलेले तुकडे परत मागून घेण्याची सोय. इंटरनेटवर फॅक्स जोडताना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ईसीएम बंद करा, कॉल तुटणार नाहीत.’ खरं आहे ते. ईसीएम चालू असताना लाइन खराब असेल तर मशीन तेच तेच तुकडे पुन्हा मागत बसतं आणि शेवटी कंटाळून कॉल सोडतं. बंद केलं की पान जातं. चार ओळी फाटलेल्या, पण जातं.

आता हिशोब बघा. साध्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरला ३.८५ ओळी असतात, म्हणजे एक ओळ साधारण पाव मिलिमीटरची. छापील अक्षरांतला दशांशाचा ठिपका एक-दोन ओळींत संपतो. त्या दोन ओळी फाटल्या तर ‘२.५ मिलिग्रॅम’चे ‘२५ मिलिग्रॅम’ होतात. पान सुंदर दिसतं, कोणाला शंकाही येत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहायचा नियम अशाच चुका टाळण्यासाठी आहे, पण तो २.५ ला वाचवत नाही.

म्हणून आम्ही ईसीएम चालूच ठेवलं आणि बारीक अक्षराचा पर्याय कायमचा लावून टाकला. दवाखान्याचा फॅक्स एक तर पूर्ण जावा किंवा गेला नाही असं स्पष्ट कळावं. अर्धवट बरोबर फॅक्स नको. पिझ्झाच्या दुकानाचा मेन्यू पाठवायचा असता तर मीही ईसीएम बंद केलं असतं.

एक टिक की दोन टिक?

तिसराही एक मार्ग आहे, आणि आजकाल विकणारे लोक तोच पुढे करतात. शाखेतला डबा स्वतःच फॅक्स ‘घेतो’. मशीनला वाटतं पलीकडचं मशीनच बोलतंय. डबा पानं फाइल म्हणून साठवतो, साध्या सुरक्षित वेब जोडणीने सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर पुढे खरा फॅक्स करतो. इंटरनेट कितीही वाईट असो, फाइल कधी ना कधी पोचतेच. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात मजबूत मार्ग.

पण ‘ओके’ कोणी म्हटलं? डब्याने म्हटलं. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला. या मार्गात मशीन एका टिकवरच ‘ओके’ छापतं. पुढे पलीकडचा नंबर बिझी असेल, कागद संपलेला असेल, नंबरच चुकीचा असेल, हे नर्सला कळत नाही. तिच्या हातात ओकेचा कागद आहे, तो ती रुग्णाच्या फाइलला लावते आणि घरी जाते. पलीकडे तातडीच्या तपासणीसाठी पाठवलेली चिठ्ठी कोणाला मिळालेलीच नसते.

टी.३८ मध्ये तसं होत नाही. डबे फक्त दुभाषे असतात. ‘मिळालं’ हा शब्द पलीकडच्या खऱ्या मशीनकडूनच येतो. दोन टिक.

फॅक्स पोचला की नाही यावरून किती मोठी भांडणं होतात ते आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सांगितलं की सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र त्या राजभवनाला फॅक्स करतायत पण ते जात नाही. राज्यपाल सत्यपाल मलिक यांचं म्हणणं, ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हतं. त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली. निदान त्यांच्या मशीनने खोटं ‘ओके’ छापलं नाही!

आम्ही शेवटी दोन दिशांना दोन वेगळे नियम लावले. शाखेतून जाणारे फॅक्स टी.३८ वरून थेट, म्हणजे ओके आला तर तो पलीकडच्याचाच. येणारे फॅक्स मात्र मुख्य ऑफिसचा सर्व्हरच घेतो, साठवतो आणि मग शाखेच्या मशीनवर छापायला पाठवतो. तिथे पाठवणाऱ्याला ओके आमच्या सर्व्हरकडून मिळतो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या क्षणापासून कागदाची जबाबदारी क्लिनिकची असते. शाखेचं नेट बंद पडलं तरी फॅक्स हरवत नाही. शाखेत छापून झालं नाही तर पंधरा मिनिटांत मुख्य ऑफिसच्या रिसेप्शनला मेल जाते. एक लक्षात ठेवा: अमेरिकेच्या आरोग्य माहितीच्या कायद्यात कागदावरून कागदावर गेलेला फॅक्स ‘इलेक्ट्रॉनिक’ धरत नाहीत, पण तो फाइल म्हणून सर्व्हरवर राहिला की त्या फाइलला इलेक्ट्रॉनिक माहितीचे सगळे नियम लागतात. ती डिस्क एन्क्रिप्ट करा आणि फाइल किती दिवस ठेवायची ते क्लिनिककडून लिहून घ्या.

मशीनला रिसीव्हर असतो

हे कोणाच्याच यादीत नसतं. बऱ्याच फॅक्स मशीनला बाजूला फोनचा रिसीव्हर असतो. शाखेत काही झालं आणि कोणी तोच उचलून ९११ फिरवला, तर कॉल जाणार मुख्य ऑफिसच्या पीबीएक्समधून, आणि ॲम्ब्युलन्सला पत्ता दिसणार मुख्य ऑफिसचा. तासभर लांबचा! अमेरिकेत ऑफिसच्या फोनव्यवस्थेवरून आधी ९ न दाबता थेट ९११ लागला पाहिजे आणि नेमका पत्ता गेला पाहिजे असे कायदेच आहेत. त्यामुळे फॅक्सच्या एक्स्टेंशनलाही शाखेचा पत्ता वेगळा नोंदवून घ्या.

आपल्याकडे असं काही करणार असाल तर वेगळी काळजी. भारतात एका शहरातला कॉल खासगी डेटा लाइनवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या लोकल लाइनवर सोडण्याला टोल बायपास म्हणतात आणि ते बेकायदा आहे. परवाना असलेल्या कंपनीकडूनच सिप ट्रंक घ्या, आणि दोन शहरांतली जोडणी कागदावर काढून त्यांना आधी दाखवा.

तपासायचं कसं

एक पान पाठवून ‘चालतंय’ म्हणू नका. बारीक अक्षरात पंधरा पानं पाठवा, म्हणजे कॉल सात मिनिटांच्या पुढे जाईल आणि घड्याळाचा प्रश्न असला तर तो दिसेल. पानांवर मजकूर छोट्या टायपात आणि भरपूर दशांश असलेला घ्या. रात्री नेट मोकळं असताना नव्हे, सकाळी अकराला, सगळे ऑनलाइन असताना पाठवा. दोन्ही दिशांना. आणि एकदा तरी अशा नंबरवर, जिथे पलीकडे अजून तांब्याची लाइन आणि जुनं मशीन आहे.

अडकलं तर पीबीएक्सवरून पॅकेट पकडा आणि वायरशार्कमध्ये उघडा. त्यातल्या व्हीओआयपी कॉल्सच्या चित्रात सगळा संवाद बाणांसह दिसतो. बघायच्या दोनच गोष्टी: टी.३८ वर जाण्याचा निरोप निघाला का, आणि त्याला उत्तर काय आलं. निघालाच नसेल तर दोष घेणाऱ्या बाजूच्या डब्यात. ४८८ आलं असेल तर तो कोणी पाठवला ते बाणाच्या टोकावर लिहिलेलंच असतं. तो पत्ता ट्रंकवाल्याचा निघाला तर तक्रार टाकताना कॉलची तारीख, नेमकी वेळ, दोन्ही नंबर आणि सिपचा कॉल-आयडी द्या. याशिवाय तिकीट टाकलंत तर पहिलं उत्तर ‘मशीन बंद करून चालू करा’ हेच येतं.